'बघते' म्हणजे हो की नाही? नाशिकहून नेदरलँड्सला गेलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

दरवर्षी जूनच्या अखेरीस गंगापूर रोडच्या आमच्या घरी एक बैठक भरते. परदेशी शिकायला निघालेली दहा-बारा मुलं, त्यांचे आईवडील, एखादी आजी. सतरंजी, चहा, चिवडा. प्रश्न ठरलेले असतात. कुकर न्यावा का? गोडा मसाला किती? थर्मल इथून घ्यावेत की तिथून? मी अन्नतंत्रज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवली, त्यामुळे मसाल्याचं उत्तर तरी अधिकारानं देते. पण कुकरवाचून कोणाचं शिक्षण अडलेलं मी पाहिलेलं नाही. अडतं ते भलत्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण मला ज्या एका मुलीमुळे दिसलं तिचं प्रकरण इथे मांडते आहे. तिनं हे लिखाण वाचलंय, दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलंय. तिचं, विद्यापीठाचं आणि तिच्या सोबत्यांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत.

मुलगी आणि घर

ती निफाड तालुक्यातली. घरची चार एकर द्राक्षबाग, बहुतेक थॉमसन जातीची. वडिलांना ती नाना म्हणते. दहावीनंतर शिकायला इंदिरानगरला काकांकडे राहिली आणि पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून अन्नतंत्रज्ञानात बी.टेक. झाली. मी तिला शिकवलंय. पहिला बाक, सुबक वही, जर्नल वेळेआधी पूर्ण. चार वर्षांत तिनं वर्गात मला एकही प्रश्न विचारला नाही आणि मी तिला 'गुणी मुलगी' म्हणत राहिले. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे तो असा.

हीच मुलगी बागेत निराळी असते. एका जानेवारीत आम्ही काही जण तिच्याकडे गेलो होतो, काढणी चालू होती. व्यापारी क्रेटमधला एक घड उचलून म्हणाला, "देठ सुकलेत, दोन रुपये कमी होतील." नाना काही बोलायच्या आत ही म्हणाली, "तुम्ही कालच्या कापणीचं क्रेट बघताय काका. आजचा माल त्या शेडमध्ये आहे. तो आधी बघा, मग दर बोला." आवाज चढलेला नाही, मान खाली नाही. व्यापारी निमूट शेडकडे गेला.

नेदरलँड्सला जायचं ठरलं तेव्हा शैक्षणिक कर्ज काढावं लागलं. शेतजमीन अशा कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, म्हणून काकांचा इंदिरानगरचा फ्लॅट तारण ठेवला गेला. काका दिलदार माणूस, एका शब्दानं काही बोलले नाहीत. पण एखादा पेपर अवघड गेला की तिच्या डोळ्यांसमोर प्रश्नपत्रिकेआधी काकूंचं स्वयंपाकघर यायचं.

पहिलं सत्र

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सायकल घेतली, दिवा नसलेली सायकल रात्री चालवली तर दंड होतो हे कळलं. दुपारी बाराला सगळे थंड सँडविच खातात आणि संध्याकाळी सहाला जेवून मोकळे होतात, हे पचायला महिना गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेलं आणि भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचारावर गेला. त्या आठवड्यात आईचा रात्री साडेनऊचा फोन रोज लेक्चर चालू असतानाच वाजायचा.

अभ्यासाची मोजणी वेगळी होती. तिथे वर्षाला ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम, त्यात वर्गातला वेळ आणि घरचं वाचन सगळं आलं. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १६८ तास. हा हिशेब कागदावर स्पष्ट दिलेला असतो. आपल्याकडे 'अभ्यास किती करायचा' याचं उत्तर 'जितका होईल तितका' असतं. गुण एक ते दहात. साडेपाचला पास, आठ म्हणजे उत्तम, नऊ क्वचित, दहा जवळजवळ कोणालाच नाही. पहिल्या अहवालाला सात मिळाले तेव्हा ती रडली. शेजारच्या खोलीतल्या मुलीला सहा मिळाले होते आणि ती केक आणायला निघाली होती.

प्राध्यापकांना नावानं हाक मारायची, हा आणखी एक पेच. यावर तिनं नाशिकी तोडगा काढला. कोणाला हाकच मारायची नाही. समोर जाऊन उभं राहायचं, त्यांनी बघेपर्यंत.

द्राक्षांचा डबा

दुसऱ्या सत्रात काढणीपश्चात तंत्रज्ञानाचा विषय होता. पाच जणांचा गट. एक डच मुलगा, एक ग्रीक मुलगी, एक चिनी मुलगी, घानाचा एक मुलगा आणि ही. काम असं की जहाजानं दुरून येणारं एक फळ निवडायचं आणि त्याचा टिकाऊपणा कसा वाढवता येईल यावर सहा आठवड्यांत अहवाल द्यायचा. पहिल्या बैठकीत डच मुलानं सुपरमार्केटमधून आणलेला एक पनेट, म्हणजे फळांचा छोटा डबा, टेबलावर ठेवला. द्राक्षं. लेबलवर देशाचं नाव पेरू. (द्राक्षं पेरूची, हा विनोद तिनं मनातल्या मनातच केला. ऐकायला मराठी माणूस नव्हता.)

तिला वाटलं, देव पावला. घरचाच विषय.

मग त्या मुलानं फळ्यावर आराखडा काढला. द्राक्ष काढणीनंतर पिकत राहतं, ते पिकवतो इथिलीन वायू, तेव्हा डब्यात इथिलीन शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या आणि पिकणं लांबवायचं. बाण, चौकोन, तारखा, सगळं व्यवस्थित. फक्त पाया चुकीचा. केळी, आंबा, टोमॅटो काढल्यानंतर पिकतात. द्राक्ष पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच, म्हणून तर आपल्याकडे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघितल्याशिवाय घडाला कात्री लागत नाही. काढलेल्या द्राक्षाला खरा धोका असतो तो पाणी उडून देठ सुकण्याचा आणि बोट्रायटिसच्या करड्या बुरशीचा. त्यासाठी पहाटे काढणी, काही तासांत प्रीकूलिंग (म्हणजे साठवण्याआधी माल झटपट थंड करणं), मग शून्य अंशाच्या आसपास तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता आणि पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, ज्याला पॅकहाऊसमध्ये सगळे ग्रेप गार्ड म्हणतात. हे कागद ती दहा वर्षांची असल्यापासून पेट्यांमध्ये ठेवत आली होती.

ती गप्प बसली.

का, हे मी नंतर खोदून विचारलं. तिनं दोन कारणं दिली. एक, "तो इतक्या खात्रीनं बोलत होता की मलाच वाटलं, यांच्याकडे काही नवीन संशोधन असेल." दुसरं, "पहिल्याच दिवशी चारचौघांत त्याची चूक कशी काढायची? म्हटलं, एकट्यात सांगू." एकट्यात तो कधी सापडलाच नाही. बैठक संपली की तो सायकलवर आणि जे बोलायचं ते बैठकीत, अशी तिथली रीत.

कामं वाटली गेली. तिच्याकडे प्रीकूलिंग. "गुरुवारपर्यंत जमेल?" असं त्यानं विचारलं. त्याच गुरुवारी तिला दुसऱ्या विषयाचा प्रयोगशाळेचा अहवाल द्यायचा होता. ती म्हणाली, "येस, आय विल सी." मनात वाक्य मराठीच होतं, "हो, बघते." आपल्यापैकी कोणीही ऐकलं असतं तर ओळखलं असतं की गुरुवारचं काही खरं नाही. त्या चौघांनी फक्त 'येस' ऐकलं.

गुरुवार गेला. शुक्रवारी रात्री अकराला तिनं नऊ पानं पाठवली, आकृत्यांसह, आणि शाबासकीची वाट बघत शनिवार-रविवार काढला. कोणाचं उत्तर नाही.

सोमवारी गटाची मधली प्रतिक्रिया होती. प्रत्येकानं प्रत्येकाबद्दल बोलायचं, समोरासमोर. डच मुलगा म्हणाला, "तू हो म्हणालीस. गुरुवारी आलं नाही, येणार नाही हेही कळवलं नाहीस. मी ती संध्याकाळ तुझ्या भागाची वाट बघत घालवली. जमणार नव्हतं तर नाही म्हणायचं. शिवाय चर्चेत तू बोलत नाहीस, त्यामुळे तुला काय वाटतं ते आम्हाला कळत नाही." ग्रीक मुलगी म्हणाली, "मलाही तसंच वाटतं." बाकीच्या दोघांनी टेबलाकडे बघितलं.

ती सायकलतळावर जाऊन रडली. परत आली तर तोच मुलगा तिच्याशेजारी बसला आणि खिशातून काळ्या गोळ्यांची पिशवी काढून म्हणाला, घे. ज्येष्ठमधाची खारट गोळी, डच लोकांचा जीव की प्राण. तोंडात टाकली आणि तिचं तोंड वाकडं झालं, तो मनापासून हसला. तिला वाटलं, हा वर आणखी थट्टा करतोय. त्याच्या लेखी विषय सोमवारी साडेअकराला संपलेला होता. तिच्या लेखी तो तेव्हा सुरू झाला होता.

माझा सल्ला

त्या रात्री घरी फोन झाला. आई म्हणाली, "परत ये. काकांचं काय ते बघू." (इथेही 'बघू'च.) दुसऱ्या दिवशी माझ्याशी व्हिडिओ कॉल. मी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते चुकीचं होतं. "बाळा, परका देश आहे. आपण नमतं घ्यायचं. सगळ्यांची माफी माग, थोडं जास्तीचं काम अंगावर घे, मनं जिंकता येतात."

तिनं ऐकलं, गुणी मुलगी ना. गटाला तीन वेळा माफीचे मेसेज पाठवले. सगळ्यांचे संदर्भ, तक्ते, पानांची मांडणी अंगावर घेतली. ग्रीक मुलीचं उत्तर आलं, "माफी नको. पुढच्या वेळी काय करशील ते सांग." हे तिला आणखी लागलं. पुढचे दहा दिवस ती रात्री चार तास झोपून अहवाल सजवत होती. त्यात इथिलीनच्या पुड्यांचं ते चुकीचं प्रकरण तसंच होतं. त्याचे समास तिनं सरळ केले, तक्त्यांना क्रमांक दिले.

मला आजही याची लाज वाटते. माझ्या सल्ल्यानं तिचं काम वाढलं आणि तोंड आणखी बंद झालं.

एक गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा आली नव्हती. आपल्याकडे गटानं काम करायला आपण शिकवतच नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांच्या नावावर असतो. करतो एकजण, बाइंडिंग दुसरा आणतो, व्हायवाला तिसरा बोलतो आणि चौथा एक्स्टर्नलच्या जेवणाचं बघतो. आम्ही शिक्षक हे जाणून सही करतो. ती नेहमी 'करणारी' असायची. एकटीनं करायचं, रात्री करायचं, शेवटी आणून द्यायचं. तिथे तिनं तेच केलं. डच मुलगा शाळेपासून गटात काम करत आलेला. त्याला नऊ पानांपेक्षा गुरुवार महत्त्वाचा होता.

नाना

नाना आमच्याकडे आले ते पिंपळगावहून येताना, हातात भाजीची पिशवी. मी सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं होतं, रागही होता. पण त्यांनी जे बोलून दाखवलं ते २०१० सालचं होतं.

तो हंगाम निफाड-दिंडोरीत कोणी विसरलेलं नाही. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला, वेलीची वाढ आवरायला मारतात ते रसायन, शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणतात. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला. नाना म्हणाले, "आम्ही आधी लॅबवर चिडलो, मग व्यापाऱ्यावर, मग युरोपवर. तोवर सीझन गेला. पुढच्या वर्षी वही घातली. कुठल्या तारखेला काय मारलं, किती मारलं. रिपोर्टवर रडून काय होतं मॅडम? रिपोर्टमधला आकडा बघायचा." मग जरा थांबून, "त्या पोराचं बोलणं रिपोर्टच आहे. आता आकडा खरा की खोटा, ते हिनं बघावं."

रात्री त्यांनी मुलीला फोनवर विचारलं, "माल कोणाचा? द्राक्ष आपलं. मग व्यापाऱ्यासमोर बोलतेस तशी बोल की."

तिचं उत्तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. ती म्हणाली, "नाना, व्यापाऱ्याशी आपलं नातं नाही, म्हणून बोलता येतं. हे रोज भेटणारे आहेत. यांच्याशी बिघडलं तर?"

म्हणजे तिला स्पष्ट बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. जिथे नातं नाही तिथे स्पष्टपणा आणि जिथे नातं जपायचं तिथे 'बघते', हा तिचा नियम होता. आपल्या बहुतेकांचा असतो. त्या डच मुलाचा नियम नेमका उलटा. ज्याच्याशी रोज काम करायचं त्याच्यापाशी मनात काही ठेवायचं नाही, परक्याशी मात्र हवापाण्याचं बोलून मोकळं व्हायचं. बोलून दाखवणं हीच त्याची नातं राखायची तऱ्हा, गोळी पुढे केली ती त्याच भावनेनं.

पुढचं तिचं तिलाच आठवलं. तिचं आजोळ बागलाणात, मोसम नदीच्या काठी. आजोबांच्या वेळी तिकडे फड होता. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या शिवाराचे फड पाडलेले, आणि कोणत्या फडात कोणतं पीक, पाणी कोणाला कधी, हे गावानं मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी. नाशिक-धुळ्याच्या पट्ट्यात ही पद्धत काही शतकं चालत आली. फडाच्या बैठकीत सख्खे भाऊ एकमेकांना तोंडावर सुनवायचे, 'तू रात्री बारं फोडलंस' असं, आणि नंतर एकाच पंगतीला बसायचे. पाण्याचा मामला, मनात ठेवून चालत नाही. तिनं हे तिथे डच मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमचं पण पाण्यानंच झालंय. त्यांच्या देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली. बांधाला गळती लागली तर शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून कोण गप्प बसेल? पाण्याची व्यवस्था बघणारी तिथली मंडळं मध्ययुगापासूनची आहेत.

हे साम्य मला फार आवडलं होतं आणि मी ते बैठकीत रंगवून सांगायला लागले. मग एकदा तिनंच टोकलं. "मॅडम, फडाच्या बैठकीत बायका नसायच्या. आजी ओट्यावर बसून ऐकायची." तिनं केलेल्या दुरुस्त्यांपैकी ही एक.

चौथ्या आठवड्यानंतर

विद्यापीठात प्रत्येक अभ्यासक्रमाला एक अभ्यास-सल्लागार असतो. ती तिच्याकडे गेली. सल्लागारबाईंनी सहानुभूती दाखवण्यात फार वेळ घालवला नाही, एक कागद दिला. मी काय, कोणत्या दिवशी देऊ शकते. काय देऊ शकत नाही. मला काय चूक वाटतं आणि कशावरून. तीन वाक्यं लिहून आण.

तिनं ती आधी मराठीत लिहिली आणि मला वाचून दाखवली. तिसरं वाक्य असं होतं, "मला कदाचित असं वाटतं की, माझंच चुकत असेल, पण बहुधा द्राक्ष तसं फारसं पिकत नसावं." एका वाक्यात एवढ्या उशा. आम्ही दोघींनी बसून 'मला वाटतं' तेवढं ठेवलं, बाकीच्या काढल्या.

बैठकीत ती म्हणाली, "मला वाटतं आपला पाया चुकला आहे. द्राक्ष काढणीनंतर पिकत नाही. आमच्या घरी बाग आहे." आणि ग्रेप गार्डचा फोटो पुढे केला, घरच्या पेटीतला, आईनं काढून पाठवलेला, कडेला आईची बांगडी दिसत होती.

डच मुलानं लॅपटॉप उघडला. दोन मिनिटं वाचलं. "ओके, तू बरोबर आहेस," म्हणाला, आणि फळ्यावरचं सगळं पुसून टाकलं. चेहऱ्यावर ओशाळलेपण नाही. "मग आता कसं करायचं?" चार आठवडे ती त्याची जी लाज झाकत होती ती त्याला नव्हतीच. चिडली ती ग्रीक मुलगी. "तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. चिनी मुलीनं मग हळूच सांगितलं, तिलाही शंका आली होती, तिनंही वाट बघितली होती.

वातावरण सैल केलं घानाच्या मुलानं. 'येस' आणि 'बघते' चा घोळ ऐकल्यावर तो हसत सुटला. म्हणाला, आमच्याकडे माणूस खोलीबाहेर जाताना म्हणतो 'आय अ‍ॅम कमिंग'. म्हणजे जाऊन येतो. पहिल्या महिन्यात मी असं म्हणून बाहेर पडलो की हे लोक माझ्याकडे बघतच राहायचे. ती म्हणाली, आमच्याकडेसुद्धा निघताना 'येते' म्हणतात, 'जाते' म्हटलं तर आजी ओरडते. त्या दिवसापासून त्या दोघांची चांगली गट्टी जमली.

दोन रात्री जागून अहवाल नव्यानं लिहिला. प्रीकूलिंगची तिची नऊ पानं त्याचा कणा झाली. गटाला सात मिळाले, तिला वैयक्तिक साडेसहा, कारण सोबत्यांच्या मूल्यमापनात अर्धा गुण गेला. मला तो अर्धा गुण योग्य वाटतो. तिला अजून वाटत नाही, आणि यावर आमचं एकमत होणार नाही.

चौकटी

अशा अनुभवांवर अभ्यास भरपूर झालाय. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शिष्यवृत्तीधारकांवर लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये लिहिलं आणि जुळवून घेण्याचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो असं मांडलं. आधी हर्ष, मग घसरण, मग चढण. ओबर्ग यांनी १९६० मध्ये सांस्कृतिक धक्क्याच्या पायऱ्या सांगितल्या. माझ्या अनुभवात मुलांचा आलेख इतका गुळगुळीत क्वचितच असतो. या मुलीचा तर एका सोमवारी कोसळला आणि एका फोटोनं सावरला, पुढे फेब्रुवारीत कारण नसताना पुन्हा खाली गेला.

गीर्त हॉफस्टेड हे डच अभ्यासक. त्यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून 'सत्ता-अंतर' मोजलं, म्हणजे वरच्या-खालच्यातलं अंतर माणसं किती स्वाभाविक मानतात ते. भारताचा अंक ७७, नेदरलँड्सचा ३८. प्राध्यापकांना नावानं हाक मारता येईना, याचा उलगडा या आकड्यांनी होतो. पण ज्या मुलीनं वडिलांच्या वयाच्या व्यापाऱ्याला शेडकडे पाठवलं ती आपल्याच वयाच्या मुलापुढे गप्प का, याचा होत नाही. तिथे वरचा-खालचा कोणी नव्हता. ७७ हा देशाचा अंक झाला. त्याच देशात मार्केट यार्डही असतं आणि वर्गही.

नंतर

पुढच्या विषयांत तिनं एक सवय लावून घेतली. हो म्हणायचं तर वार सांगायचा, जमणार नसेल तर त्याच बैठकीत सांगायचं. 'बघते' स्वतःपुरतं. उन्हाळ्यापर्यंत तिला दोन आठ मिळाले. डच मुलगाही थोडा बदलला. "जमेल?" ऐवजी तो आता "कशात अडचण येईल?" असं विचारतो. पण तुलना केली तर त्यानं एक वाक्य बदललं, तिनं बोलण्याची अख्खी पद्धत. जुळवून घेणं दोन्ही बाजूंनी होतं असं विद्यापीठांची माहितीपत्रकं सांगतात. मी पाहिलंय ते असं की ज्याच्या नावावर कर्ज असतं तो जास्त जुळवून घेतो.

पहिल्या वर्षानंतर ती सुट्टीत आली. आत्याकडे साखरपुडा होता. आत्यानं फोनवर विचारलं, "येशील ना गं?" ही म्हणाली, "नाही आत्या, त्या दिवशी माझी ऑनलाइन मीटिंग आहे, जमणार नाही." आत्याच्या घरी दोन दिवस त्यावर चर्चा. आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "बघते म्हणायला काय झालं होतं हिला? नसती गेली तरी चाललं असतं." आईचंही बरोबर होतं. आत्याला तिची हजेरी तितकीशी हवी नव्हती, आपलं विचारणं राखलं जायला हवं होतं. मी मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता दोन्ही लक्षात ठेवायचं." दमलेली वाटली.

त्या जूनच्या बैठकीला मी तिला बोलावलं होतं. आता मी कुकरच्या प्रश्नांआधी अर्धा तास एक खेळ घेते. एकेकाला विचारते, "रविवारपर्यंत मला पंधरा पानं टाइप करून देशील?" सगळे म्हणतात, "हो मॅडम." मग विचारते, कोण खरंच देणार आहे? हशा होतो, पालक सगळ्यात जास्त हसतात. त्या दिवशी सिन्नरचा एक मुलगा म्हणाला, "बघतो मॅडम." कोपऱ्यातून तिनं विचारलं, "म्हणजे कधी?" तो गडबडला, मग म्हणाला, "रविवारी नाही. बुधवारी देतो."

बैठक संपली, सतरंज्या घड्या झाल्या. तिचं विमान दोन दिवसांनी होतं. नाना खाली गाडीत वाट बघत होते. चपला घालून ती जिन्यात वळली.

"येते मॅडम."